उजवीकडे उंदीर, डावीकडे घूस

प्रिय ताई,

हे अक्षर तुला ओळखू येणार नाही. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा मी 'क' आरशात बघून काढल्यासारखा उलटा काढायचो, आणि तू माझी मूठ आपल्या मुठीत धरून तो सरळ करायचीस. आता तो सरळ येतो. बाकीचं अक्षर अजून गबाळंच आहे, तेव्हा चष्मा लाव, सावकाश वाच आणि शक्यतो बसून वाच. बातमी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. इतक्या वर्षांनी आलेलं पत्र हातात घेतलं की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून. मी धडधाकट आहे, माझं लग्न झालेलं आहे, आणि डोक्यावरचे केस सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

मी काय काम करतो ते ऐकून तू हसशील. रस्ता ओलांडायचा म्हटला की तुझ्या फ्रॉकचं टोक दातात धरून भोकाड पसरणारा मी, आता लोकांची गाडी चालवण्याची परीक्षा घेतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायचं, त्यांना चढावर थांबवायचं, मागे घ्यायला लावायचं, चौकातून न्यायचं, आणि शेवटी पास की नापास ते सांगायचं. गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो, वेळ पडलीच तर. तशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही, कारण मी रागाने नुसतं बघितलं तरी माणसं आपणच ब्रेक दाबतात. कचेरीत माझ्या पाठीमागे मला 'ब्रेकसाहेब' म्हणतात. ओळखी, रडणं, गोड बोलणं, माझ्यापुढे काही चालत नाही. परीक्षेला बसलेल्या माणसाला मी 'तुम्ही'च म्हणतो, मग तो कालपरवा मिसरूड फुटलेला का असेना. गप्पा मारत नाही. नावंसुद्धा लक्षात ठेवत नाही. आम्हा परीक्षकांच्या छातीवरही नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, आणि मला ते फार सोयीचं वाटत आलंय.

तुला हे असं पहिल्यापासून सांगावं लागतंय, याचं मलाच नवल वाटतं. तू सहावीत होतीस, मी दुसरीत, तेव्हा आईबाबांनी घर वाटून घेतलं. शिलाईचं मशीन तिकडे, रेडिओ इकडे, मोठं कपाट तिकडे, सतरंजी इकडे. तू तिकडे, मी इकडे. कुणी कुणावर ओरडलं नाही, त्यामुळे मला वाटलं होतं की हे थोड्या दिवसांचं आहे. नंतर बाबांच्या बदल्या होत राहिल्या आणि आपल्यातलं येणंजाणं, निरोप, सगळं हळूहळू विरत गेलं. नोकरी लागल्यावर मी पहिल्या सुट्टीत आपल्या जुन्या गल्लीत गेलो होतो. आपल्या घराच्या जागी गाद्यांचं दुकान झालेलं. कोपऱ्यावरच्या चाव्या करून देणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "गेल्या मायलेकी कधीच्या. कुठे ते नाही बाबा माहीत." मी दुकानात जाऊन उगाचच एक उशी विकत घेतली आणि परत आलो. फार कडक उशी होती. पण बरीच वर्षं वापरली.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ती पाच भावंडांतली थोरली. तिच्या माहेरी गेलं की मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो आणि त्या पाचजणांकडे बघत राहतो. एकमेकांच्या ताटातलं न विचारता उचलतात. "जाडी झालीस" म्हणतात. दुसऱ्याचा टॉवेल वापरतात आणि वर भांडतात. तासाभरापूर्वी कडाकडा भांडलेली दोघं एकाच चादरीत झोपलेली असतात. मी त्या घरात गेली पंधरा-वीस वर्षं जातोय, सगळे माझ्यावर जीव टाकतात, पण माझ्या ताटातलं अजून कुणी उचललेलं नाही. मला विचारतात, "घेऊ का?" मी म्हणतो, "घ्या ना." आणि मग ते घेत नाहीत. मी आयुष्यभर सगळ्यांशी इतका नीट वागलोय, ताई, की कधीकधी मलाच माझा कंटाळा येतो. आमच्या दोघांत तिसरं कुणी आलं नाही. त्याचं दुःख करायचं ते करून झालं, आता आमचं बरं चाललंय.

तर आता मुख्य गोष्ट. साधारण तीन महिन्यांपूर्वी एक मुलगी परीक्षेला आली. एकोणीस-वीस वर्षांची, बुटांना माती, नखांत माती, केस पेन्सिल खोचून वर बांधलेले. गाडीत बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही पट्टा नाही लावलात." ताई, खरंच लावला नव्हता. असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मी लावला. गाडी निघाली. मुलगी चालवत होती चांगली, पण घाईत. वळणावर ती जरा जोरात गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, सावकाश!"

अगं! मी! ते ऐकून ती दचकली नाही, मीच दचकलो. पुढे माझ्या लक्षात आलं की तिच्या बाजूने वारा येतोय म्हणून मी तिला काच वर घ्यायला सांगितलं होतं, आणि चढावर थांबण्याआधी, जे सांगायचं नसतं, ते म्हणजे "हँडब्रेक ओढ हं," असंही म्हणालो होतो. तरी ती विसरली. गाडी भरभर मागे घरंगळली आणि मागच्या कठड्यापासून वीतभरावर मी ब्रेक दाबला. नापास. इथे माझ्यातला साहेब जागा झाला आणि मी रीतसर सांगितलं, "तुम्ही आज उत्तीर्ण झालेल्या नाहीत."

आता बाकीचे लोक काय करतात? मान खाली घालतात, डोळे पुसतात, फार तर दार आपटून जातात. ही बाई खाली उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मी हँडब्रेक विसरले, कबूल. पण तुम्ही मध्ये बोललात म्हणून विसरले. परीक्षेत परीक्षकाने बोलायचं असतं का?" मी म्हणालो, "आवाज खाली." ती म्हणाली, "तुमचाही मोठाच आहे." आणि आम्ही भांडलो, ताई. भर आवारात, रांगेतली सगळी माणसं बघत असताना, तुझी चूक की माझी चूक यावर, अगदी तोंडाला तोंड देऊन. शेवटी ती पाय आपटत गेली, आणि मी कचेरीत शिरलो तो शीळ वाजवत.

आमच्याकडे खिडकीवर एक बाई बसतात. परीक्षेच्या तारखा देणं त्यांचं काम, आणि सगळ्यांकडे बारीक लक्ष ठेवणं हा छंद. त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "साहेब, ती मुलगी कोण तुमची?" मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, "मग दोघांची डावी भुवई एकसारखी कशी चढते? आणि तुम्ही तिला अगंतुगं करत होता. मला इतकी वर्षं झाली, अजून अहो बाई म्हणता." मी काहीतरी बोलून सटकलो. पण हात धुवायला गेलो आणि आरशासमोर उभा राहून रागावून बघितलं. डावी भुवई. नंतर हसू आलं. असल्या भुवया हजारो लोकांच्या असतील, असं स्वतःला समजावलं. तरी त्या संध्याकाळी घरी जाऊन बायकोला विचारलंच, "कुणाला पहिल्यांदाच बघताना, याला आपण जपलं पाहिजे, असं वाटू शकतं का गं?" ती म्हणाली, "कोण आहे ती?" सगळं सांगितल्यावर म्हणाली, "मग ठीक आहे."

दुसऱ्या खेपेला ती माझ्याच गाडीत आली. आमच्याकडे ज्याच्या वाट्याला जो उमेदवार येतो तो येतो, त्यात निवड नसते. पण खरं सांगतो, सकाळी खिडकीवरच्या बाईंनी बोटाने खूण करून सांगितलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. मी ठरवलं होतं की एक अक्षर जास्त बोलायचं नाही. मी नाही बोललो. तीच बोलली. आईची रोपवाटिका आहे. आई एकटीच चालवते, रोपं पोचवायची व्हॅनसुद्धा तीच चालवते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, मग कित्येक महिने क्लच दाबता येणार नाही. तिला लायसन्स मिळालं नाही तर आई व्हॅन काढून टाकणार म्हणते, आणि व्हॅन गेली की निम्मं काम गेलं. आई कशी, तर कुणाचं ऐकत नाही. आई शिकवायला शेजारी बसली की दोघींचं भांडण होतं, म्हणून ती शिकायला क्लासला जाते. आईला वाटतं जगात फक्त आपल्यालाच गाडी येते. मी "पुढे बघा" एवढंच म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून सांग. अजून सांग. त्या नादात मागे घेताना तिने रबरी शंकू आडवा केला. परत नापास. या वेळी ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "आता आई काय म्हणेल ते तुम्हाला माहीत नाही, सर." मला ती भांडलेली परवडली असती.

आणि मग तिसरी खेप. ही तारीख मी नाही विसरणार, कारण त्या दिवशी मी स्वतः नापास झालो. चढ तिने असा घेतला की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मागे घेणं अगदी झकास. शेवटचा मोठा चौक राहिला होता. तिथे सिग्नल नाही, दोन्ही बाजूंनी बघून गाडी काढावी लागते. ती थांबली. मान वळवली. आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली:

उजवीकडे उंदीर, डावीकडे घूस,
उंदराला परत बघ, मग खुशाल घूस!

गाडी चौकात निघाली आणि मी माझ्या पायाशी असलेला ब्रेक करकचून दाबला.

ताई, जगात ते दोनच माणसांना माहीत होतं. शाळेच्या रस्त्यावर, पाठीला दप्तर, एका हाताने माझं मनगट धरून तू ते जुळवलं होतंस, आणि मी शेवटचा शब्द ऐकून आणखीच रडायचो, कारण मला वाटायचं पलीकडे दुसरी घूस आहे. "अरे, घूस म्हणजे आत घूस, रस्त्यात घूस," असं तू किती दिवस समजावत होतीस! मी ते वाक्य त्या मुलीच्या तोंडून, भर चौकात ऐकलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक ट्रकवाला तर खाली उतरून आमच्याकडे बघत उभा राहिला. मुलगी संतापलेली. "आता काय केलं मी? दोन्हीकडे बघितलं होतं! अरे, पण सर, काय केलं मी?" मी म्हणालो, "काही नाही. तू काही नाही केलंस. माझा पाय पडला." मग विचारलं, "हे उंदीर-घूस कुठलं?" ती म्हणाली, "आईचं आहे. मामासाठी केलेलं. मामा लहानपणी रस्त्याला घाबरायचा." "कुठे असतो मामा?" "माहीत नाही. आई म्हणते, कुठेतरी मोठा झाला असेल, आता त्याला रस्ता ओलांडता येत असेल."

गाडी अजून चौकाच्या मध्येच होती. मला अजून एकच विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं. तरी विचारलं, "घरी आजी असेल ना तुमची?" ती म्हणाली, "आजी गेली. मी शाळेत होते तेव्हा. शेवटपर्यंत मशीनवर बसायची. सर, लोक शिव्या देतायत, गाडी काढू का?" मी म्हटलं, काढा. तिने पहिला गिअर टाकला, आरसा बघितला, इंडिकेटर दिला, अगदी नीट. आई गेली हे मला असं कळलं, ताई, तिच्या नातीच्या शेजारी बसून. रडू आलं, पण त्याच वेळी ती पोर किती छान क्लच सोडते आहे हेही मी बघत होतो. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

आता माझ्याकडची बातमी. बाबाही आता नाहीत. शांतपणे गेले. शेवटी दवाखान्यात होते तेव्हा औषध द्यायला येणाऱ्या प्रत्येक नर्सला ते तुझ्या नावाने हाक मारायचे, आणि त्यांच्यापैकी एकीनेही कधी दुरुस्त केलं नाही. सगळ्याजणी "आले हं बाबा" म्हणायच्या. हे तुला प्रत्यक्ष सांगायला हवं होतं. पण आधी कळलेलं बरं.

गाडी आवारात आणून लावली, तेव्हा मी तिला सांगायचं का, हा प्रश्न होताच. तोंडापर्यंत आलं होतं. पण एक तर परीक्षकाने ब्रेक विनाकारण दाबला की ती परीक्षा धरली जात नाही, त्यामुळे बिचारी पास झाली असतानाही तिला परत यावं लागणार होतं, आणि ती तापलेली होती. दुसरं म्हणजे, माझ्या मनात आलं की हे आधी तुझ्या कानावर जायला हवं. तुला मी हवा आहे की नाही हे मला कुठे माहीत होतं? कुणाच्या घरात शिरायचं ते मागच्या दाराने, पोरीला पुढे करून, हे मला बरं वाटेना. म्हणून मी नुसतं म्हणालो, "चूक माझी आहे. पुढची परीक्षा दुसरे परीक्षक घेतील. आणि तुम्ही फार चांगली गाडी चालवता." ती बघतच राहिली. खिडकीवरच्या बाईही बघत राहिल्या.

आमच्याकडे नियम आहे, नातेवाइकाची परीक्षा घ्यायची नाही. मी आमच्या मुख्य अधिकारी बाईंकडे गेलो आणि सांगितलं की या उमेदवाराची परीक्षा मी घेऊ शकत नाही, नातं आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला नातेवाईक आहेत?" म्हणाल्या. अगदी मनापासून विचारलं गं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, आहेत. "कोण लागते तुमची?" मी म्हणालो, "भाची." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या माणसासाठी वापरला. बोलल्यावर काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी जिन्यावरून खाली उतरताना परत एकदा हळूच म्हणून बघितला.

तिची परीक्षा आमच्या मौनीकडे गेली. त्याला आम्ही मौनी म्हणतो कारण तो सुरुवातीला "चला" आणि शेवटी निकाल, याखेरीज बोलत नाही. त्या दिवशी मी कामात नव्हतोच. खिडकीच्या गजांना धरून उभा. माझ्या शेजारी खिडकीवरच्या बाई, त्यांनी रांग तशीच थांबवलेली. गाडी परत आवारात आली आणि तिने मागे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माझा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता आणि बाई म्हणत होत्या, "साहेब, फरशी फुटेल." शंकू उभेच राहिले. मौनी उतरला, त्याने काहीतरी सांगितलं, आणि ही पोर किंचाळली. धावत आत आली, खिडकीवरच्या बाईंच्या हातात हात घातला, मग माझ्यासमोर उभी राहिली. धापा टाकत म्हणाली, "झालं ना सर! तुम्ही नव्हतात म्हणून झालं!" मी इतका हसलो की मला भिंतीला टेकावं लागलं. बाई म्हणाल्या, साहेबांना दात आहेत हे आज समजलं.

मग तिने पिशवीतून डबा काढला. बिस्किटं होती, तुझ्या हातची, असं म्हणाली. तिने डबा माझ्यापुढे धरला, मी एक उचललं आणि बोलता बोलता टेबलावर ठेवलं. तर तिने ते उचलून तोंडात टाकलं. माझं! न विचारता! तिच्या लक्षातही आलं नाही. तिला माहीत नाही की मी कोण आहे, मला माहीत आहे की ती कोण आहे, पण तिच्या हाताला ते कुठूनतरी ठाऊक असणार, असं मला अजूनही वाटतं. बायको म्हणते, भूक लागली असेल. असेलही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, मामा वगैरे, सगळं. दुकानात गिऱ्हाइकाला बसवते तसं मला खुर्चीत बसवून ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मी म्हटलं, "अंधुक दिसतंय." ती म्हणाली, "डोळे उत्तम आहेत तुझे. तू रडतोयस." मग तीही रडली. नंतर तुझ्या लेकीने निघताना मला बांधून दिलेली बिस्किटं दोघांनी मिळून संपवली. तुझी बिस्किटं कडक झाली होती, ताई. मी कुणाला तरी असं तोंडावर सांगण्यासाठी किती वर्षं थांबलोय.

आता हे पत्र का लिहिलं ते. त्या दिवशी निघताना तुझ्या लेकीने मला एक गळ घातली. म्हणाली, "लायसन्स मिळालं तरी आई मला व्हॅनच्या किल्ल्या देणार नाही. तिचा माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही रविवारी घरी या आणि तिला तोंडावर सांगा की मला गाडी येते. तुमचं तरी ऐकेल." मी हो म्हणून बसलोय. तेव्हा रविवारी सकाळी ती ज्या टकल्या परीक्षकाला तुझ्या दाराशी आणणार आहे, त्याला अचानक बघून तुला धक्का बसू नये, हे एक. आणि तुला नको असेल तर तुला तसं म्हणायला मोकळीक असावी, हे दुसरं. लेकीला अजून काही माहीत नाही. जमलं तर रविवारपर्यंत सांगू नकोस, आपण दोघं मिळून सांगू. आता वर बघ. ज्या बाईने तुला हे पत्र दिलं, जी मघापासून कुंड्या उलट्यासुलट्या करून किमती विचारते आहे, ती गिऱ्हाईक नाही. ती माझी बायको, तुझी भावजय. मी यायला हवं होतं, पण मी आलो असतो तर फाटकातूनच परत फिरलो असतो, म्हणून आज मुद्दाम कामावर गेलोय. रविवारचं हो की नाही ते तिलाच सांग. आणि तू वाचत असताना ती तुझ्याकडे टक लावून बघत असेल, त्याचा राग मानू नकोस. मी तिला निघताना एवढंच सांगितलंय की बाकी काही आणू नकोस, फक्त माझी ताई आता कशी दिसते ते नीट बघून ये.

तुझाच,
भोपू